एम. एन. सरांचं मराठी

आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या मागं एक कोठी होती. फाटके नकाशे, मोडकी बाकं, गणपतीचं जुनं मखर, कुणा माजी अध्यक्षांचा काच फुटलेला फोटो, अशा टाकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या वस्तूंनी ती भरलेली होती. मधल्या सुट्टीत त्या कोठीत इंग्रजीचे एम. एन. सर आणि मराठीची मी, असे दोघं डबा खायला बसायचो. दार लावून. कुणाच्या मनात भलतंसलतं यायच्या आत सांगते, मी तेव्हा निवृत्तीला टेकले होते, आणि दार लावायचं कारण एवढंच होतं की सरांना मराठी बोलायचं असे.

आत आले की ते आधी खिडकीची कडी तपासत. मग जमिनीवर बसकण मारत, डबा उघडत आणि सकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर काढत. "बाई, लई गदमदतंय बगा. सकाळधरनं एक शब्द न्हाय बोललो आपला. हे वांगं घ्या. तिखट हाय, पन घ्या."

काय बोलत याला फारसं महत्त्व नसे. यंदा चारा कसा आहे, चुलतभावानं बांध कसा कोरला, एका मेंढीला जुळं झालं त्यातलं एक पांगळं कसं निघालं. दिवसभर उन्हात राहिलेला माणूस तांब्याच तोंडाला लावतो, तसं ते मराठी बोलत. बोलून झालं की गावाकडं आईला फोन लावत. आईला कमी ऐकू येई, म्हणून ओरडून बोलावं लागे, आणि ओरडायचं तर आवाज बाहेर जायला नको, म्हणून सर गणपतीच्या मखरात डोकं घालून ओरडत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण त्या भाषेसाठी इतकं कासावीस झालेलं माणूस दुसरं पाहिलं नाही.

त्यांचं पूर्ण नाव महादेव नरुटे. गाव जेऊरजवळ, घर मेंढरं राखणाऱ्यांचं. घरात पहिला पदवीधर, तोही इंग्रजीचा. आमच्याकडं येण्याआधी ते कुर्डुवाडीच्या बाजूला एका शाळेत होते आणि तिथं सगळे शिकवतात तसंच शिकवत. काऊ म्हणजे गाय. ही गोज म्हणजे तो जातो. तिथं त्यांच्या लक्षात आलं की पोरं इंग्रजी वाक्य ऐकतच नाहीत, त्याच्यामागून येणाऱ्या मराठीची वाट बघत बसतात. हे सांगताना ते नेहमी म्हणत, "एस्टी येनार हाय हे ठावं असल्यावर उनातानात चालत कोन जाईल? मग ठरवलं, एस्टीच बंद करायची."

आमची शाळा सोलापुरात पूर्व भागात. निम्म्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलणारी. बाप टॉवेलच्या कारखान्यात, आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, हे घराघरातलं चित्र. पोरांना मराठीच मुळात दुसरी, इंग्रजी तर तिसरी. सर पहिल्या दिवशी पाचवीच्या वर्गावर गेले, फळ्यावर एम. एन. एवढंच लिहिलं आणि इंग्रजीत बोलायला लागले. मला मराठी येत नाही, असं ते कधीही म्हणाले नाहीत. ते मराठी बोलले नाहीत इतकंच. एकानं विचारलं, "सर, तुमी कुटले?" सरांनी हसून हात पसरले. दुसऱ्यानं विचारलं, तेव्हाही तेच. शेवटी मागच्या बाकावरच्या एका शहाण्यानं निकाल दिला की सर केरळचे. त्याच्या मावशीच्या दवाखान्यातली नर्स केरळची होती आणि तिचे केस सरांसारखेच कुरळे होते. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या पेठेत झाली. आम्ही शिक्षक खोलीत पोट धरून हसलो. दिवाळीपर्यंत चालवू, मग सांगून टाकू, असं सरांचंही म्हणणं होतं.

पण ते दिवाळीत सांगता आलं नाही, कारण तोवर पोरं बोलायला लागली होती.

कशी बोलायला लागली हे मी शेजारच्या वर्गातून ऐकलं आहे. मला इंग्रजीचं कौतुक नाही, उलट थोडा रागच आहे, पण जे पाहिलं ते पाहिलं. सरांकडं टॉवेलच्या कापडाची एक मोठी पिशवी असे. त्यात कुलूप, लाटणं, नारळाची शेंडी, तुटका कंगवा, काहीही. पोरानं न बघता आत हात घालायचा आणि हाताला काय लागतंय ते सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. दोन पोरांना पाठीला पाठ लावून बसवायचे. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. मग घराच्या डोक्यावर गाय आणि गाईच्या पोटात झाड, असली चित्रं निघत आणि वर्ग खिदळे. कधी पटांगणातल्या लिंबाला ते एक कागद चिकटवत. एका पोरानं पळत जाऊन वाचायचं, पळत येऊन जोडीदाराला सांगायचं, त्यानं लिहायचं. सांगता सांगता अर्धं विसरलं की परत पळायचं. माझ्या मराठीच्या तासाला पेंगणारी पोरं तिकडं घामाघूम होऊन शुद्धलेखन लिहीत होती. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

सगळ्यात भारी होतं ते भांडण. पोरांचं भांडण झालं की न्याय मागायला शिक्षकच लागतो, आणि हे शिक्षक पडले केरळचे. तेव्हा रडत, नाक पुसत, "सर, ही बीटिंग मी!" सर कधी 'चुकलं' म्हणत नसत. "ओह! ही इज बीटिंग यू?" एवढंच, पण बरोबर करून परत म्हणत. "येस सर, ही इज बीटिंग मी! फर्स्ट ही, देन आय!" मग दुसऱ्याची बाजू. सर शांतपणे दोघांचं ऐकून घेत, आणि पोरं तावातावानं शब्द शोधत. "राग आला की मानसाला भाषा सुचती," सर कोठीत म्हणायचे. "आमी शाळंत त्यांच्याकडनं नमस्कार आन् आभार बोलून घेतो. पोरांना आभार कशाचं मानायचं असतंय? त्यांना तक्रार करायची असती."

पुस्तक ते क्वचित उघडत. एकदा त्यांनी पोरांना घरून रिकामी खोकी आणायला सांगितली. टॉवेलची, औषधांची, साबणाची. परदेशी जाणाऱ्या टॉवेलच्या खोक्यांवर इंग्रजीत काय काय छापलेलं असतं. गडद रंग वेगळे धुवा, इस्त्री बेताची करा. ज्या घरांत दोन पिढ्या ही खोकी भरली गेली, तिथली पोरं त्या दिवशी घरी जाऊन बापाला खोक्यावरचं वाचून दाखवत होती. दुसऱ्या दिवशी एक कामगार कारखान्यात जायच्या आधी मुद्दाम शाळेच्या फाटकात येऊन सरांच्या पाया पडून गेला. तो मराठीत भरपूर काही बोलला. सर नुसते मान हलवत होते, डोळे भरलेले. कोठीत मला म्हणाले, "एक शब्द बोलता आला न्हाय बाई मला त्याच्यासंगं. त्यो काय समजला आसंल?"

इथून पुढं हा खेळ सरांच्या गळ्याभोवती आवळत गेला.

आमचे मुख्याध्यापक बिराजदार सर तसे भले गृहस्थ. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि संस्थाचालकांसमोर फक्त 'हो'. पटसंख्या वाढायला लागली तसं संस्थेनं फाटकावर फलक लावला, 'केरळचे अनुभवी इंग्रजी शिक्षक'. झालं. तोवर पोरांची समजूत होती, आता शाळेची जाहिरात झाली. खरं बाहेर आलं असतं तर पालकांनी शाळेला फसवी म्हटलं असतं, आणि विनाअनुदानित शाळेतली नोकरी ती, सरांना दुसऱ्या दिवशी नारळ मिळाला असता. सर बिराजदारांकडं गेले, फलक काढा म्हणाले. बिराजदार म्हणाले, "एम. एन., गाडी चांगली चाललीय की. आता मधीच ब्रेक कशाला दाबता?" त्यांनीच सरांना शाळेजवळच्या बोळात खोली बघून दिली होती, भाडं कमी म्हणून. म्हणजे शाळा सुटल्यावरही सुटका नाही. पेठेत भाजी घेताना केरळचे, न्हाव्याकडं केरळचे, नळावर भांडण झालं तरी केरळचेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्यांच्या खोलीच्या खालीच पद्मा राहायची. सहावीतली पोरगी, अंगानं काटकुळी, आवाज खणखणीत. वर्गात आधी तिचं अस्तित्व कुणाला जाणवलं नव्हतं. आई विड्या वळायची, बाप असून नसल्यासारखा. सरांना दुकानात काही मागताना अडलेलं तिनं पाहिलं आणि मधे पडली, "सरांना साखर पायजे, बारीक." त्या दिवसापासून ती सरांची दुभाषी झाली. भाजीवाल्याशी घासाघीस ती करे, गॅसवाल्याला ती दटावे. पेठेतली मोठी माणसं "पद्मा, सरांना विचार की," म्हणत तिच्या दारात येत. विड्यांच्या पेठेतल्या पोरीला मोठी माणसं विचारायला येतात, ही काय चीज आहे ते तिच्या चालण्यावरून कळायचं.

सरांची एकदा दाढ ठणकायला लागली. गाल भोपळ्यासारखा सुजला. दाताच्या डॉक्टरकडं पद्मा संगं गेली. डॉक्टर मराठीत विचारी, कुठं दुखतंय, थंड लागतं का, रात्री जास्त होतं का. सरांना सगळं कळे, पण पद्माचं इंग्रजी होईपर्यंत थांबावं लागे. "सर, कोल्ड वॉटर, देन पेन?" मग सर कळवळत इंग्रजीत उत्तर देत आणि पद्मा डॉक्टरला मराठीत सांगे, शिवाय पदरची दोन वाक्यं घाली. डॉक्टरनं सुई काढली आणि पद्माला म्हणाला, यांना सांग, थोडं टोचेल. पद्मानं सरांकडं पाहिलं, शब्द शोधला आणि म्हणाली, "सर, स्मॉल पेन, फॉर बिग पेन गोइंग." दुसऱ्या दिवशी कोठीत सर एका गालानं मऊ भात खात होते आणि मला ते वाक्य परत परत ऐकवत होते. "बाई, हे मी शिकवल्यालं न्हाय. हे तिचं हाय." दाढ गेली त्याचं काहीच नव्हतं.

त्यांचं नाव मग बाहेर पसरलं. एकदा आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक आमच्याकडं भरली आणि सरांनी आपली पद्धत समजावून सांगावी असं ठरलं. पण बैठक आमच्याच शाळेत, आणि खिडक्यांना आमचीच पोरं लटकलेली. सरांनी जमलेल्या पन्नाशीच्या मास्तरांपुढं इंग्रजीत भाषण केलं. प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर देऊ नका, थांबा. पोराला शब्द शोधायला वेळ द्या, शिक्षकाला गप्प बसता आलं पाहिजे, असं बरंच चांगलं बोलले. मास्तर माना डोलावत होते. चहाच्या वेळी सात-आठ जणांनी मला गाठलं, "मॅडम, काय म्हनाले हो ते?" मी चहा थंड होईपर्यंत सगळं मराठीत सांगितलं. सर लांबून बघत होते. आपलं म्हणणं आपल्याच माणसांना दुसऱ्याच्या तोंडून कळतंय हे बघताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता.

आणि मग आई आली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकातला पुरता पिकलेला. गावाकडं मेंढरांच्या मागं जाताना ती एकदा विहिरीच्या काठापर्यंत गेली होती, तेव्हा सरांनी ठरवलं की ऑपरेशन सोलापुरात करायचं. मी म्हटलं, "माझ्याकडं ठेवा, दोन खोल्या रिकाम्या आहेत." सरांनी फोनवर आईला विचारलं. मखरातून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं, "लेक आस्ताना दुसऱ्याच्या दारात कशापायी?" म्हणजे सरांच्याच खोलीवर येणार. खाली पद्माचं घर, मधे लाकडी तक्तपोशी. वर भांडं पडलं तरी खाली समजे. आईला कमी ऐकू येतं, म्हणजे कुजबुजायची सोय नाही. सरांनी तिला स्टेशनवरच, गाडीच्या आवाजात, कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. शाळा, फलक, नोकरी. आणि शेवटी, कुणी विचारलं तर तू माझी आई आहेस असं सांगू नकोस.

ती काय म्हणाली ते सरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाली, "बरं हाय की. सैपाकाला आनलेली बाई म्हन. लेकाचाच सैपाक करती, त्यात खोटं काय हाय?"

हे सांगून सर डबा न उघडताच बसून राहिले. मला त्या फलकाचा राग आला, बिराजदारांचा आला, सरांचाही आला. "सांगून टाका ना एकदाचं," मी म्हणाले. "नोकऱ्या काय कमी आहेत?" ते म्हणाले, "नोकरीचं न्हाय बाई निस्तं. पोरं काय म्हनतील? सर रोज तोंडावर खोटं बोलत हुते?"

आई मात्र बोळात मजेत रुळली. कुठल्या भाषेतली बाई कुठल्या बाईशी कसं बोलते हे देवच जाणे, पण पद्माच्या आईशी तिची गट्टी जमली. एक तेलुगूत बोले, एक जेऊरच्या मराठीत, आणि दोघी सूप मधे ठेवून तंबाखूची पानं निवडत. अडचण फक्त लेकाशी बोलायची होती. त्याच्यासाठी पद्मा होती. "पद्मे, इचार तुज्या सरला, भाकरी आता टाकू का मागनं?" पद्मा वर येऊन विचारी. सर इंग्रजीत सांगत. पद्मा आजींच्या कानाशी ओरडे, "मागनं टाका म्हनत्यात!" चारचौघात दोन हातांवर बसलेले मायलेक एकमेकांशी त्या पोरीच्या तोंडून बोलत. सरांना हे आधी हसू येण्यासारखं वाटलं असेल. मग त्यांचं कोठीतलं बोलणंही कमी झालं. फोन करायला गावाकडं कुणी नव्हतंच आता.

पिकलेल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शाळेला सुट्टी लागली होती आणि माझी निवृत्तीही त्याच महिन्यात होती. एका संध्याकाळी मी तिला बघायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. सर स्टुलावर. पद्मा डोळ्यात औषध घालायला आली होती आणि मधे फतकल मारून बसली होती. माझी ओळख झाली, चहा झाला. मग म्हातारीनं एकाएकी विचारलं, "पद्मे, तुज्या सरला आय हाय का गं?"

पद्मानं विचारलं, "सर, शी इज आस्किंग, यू हॅव मदर?"

"येस," सर म्हणाले. "आय हॅव."

"हाय म्हनत्यात!" पद्मा ओरडली.

"कुटं आसती?"

तिला ठाऊक होतं उत्तर. पण तिला ते लेकाच्या तोंडून, कुठल्या का भाषेत होईना, ऐकायचं होतं. इतके दिवस बाई म्हणून राहिली होती. कुणीतरी एकदा आई म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. हे मला तिथं बसल्या बसल्या स्वच्छ कळलं, आणि माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"सर, व्हेअर इज युअर मदर?"

सरांनी पद्माकडं नाही, आईकडं पाहिलं. "शी इज हिअर, पद्मा," ते म्हणाले. "शी इज माय मदर."

पद्मानं सरांकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं. दोघांचे कान सारखे होते, ओठ सारखे होते. मला वाटतं तिनं ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. म्हातारी कान पुढं करून वाट बघत होती. "काय म्हनाला गं?"

पद्मा तिच्या कानाशी वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गावाकडं आसती म्हनत्यात, आजी!"

सर स्टुलावरून अर्धे उठले. ती खोटं सांगतेय हे त्यांना कळलं होतं, पण कळलं हे दाखवायचं तर त्यांना मराठी यायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको. पद्मा भिंतीकडं बघत होती, हाताच्या मुठी आवळलेल्या.

"बरं हाय," म्हातारी म्हणाली. तिनं चाचपून कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "तितंच बरी ती."

मी निघाले तशी पद्मा माझ्याबरोबर जिना उतरली. खाली आल्यावर मी तिचा दंड धरला. "पद्मे, सर काय म्हणाले होते?"

ती पायानं माती उकरायला लागली. "मॅडम, सरांना मराठी येतंय काय?"

मी तिचा दंड सोडला. ती म्हणाली, "येत आसंल तर मग मी कशाला लागती?" आणि घरात पळाली. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. शाळेत कुणीही विचारत नव्हतं अशा पोरीला सरांनी बोलकं केलं होतं, आणि आता खरं बोलायची वेळ आली तर ती वाटेत उभी होती.

सकाळी सरांचा फोन आला, कुजबुजत. आई निघाली होती. पट्टी निघाली नव्हती, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, पण मेंढरांचा बहाणा करून तिनं गाठोडं बांधलं होतं. "बाई, स्टेशनवर या. बोळातनं भाईर पडलो की तिच्यासंगं बोलीन म्हनतोय. तितं आपल्याला कोन वळखतंय? कालचं तिच्या मनातनं काडायला पायजे. तिला वाटतंय मीच तसं बोललो."

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, सोलापूर स्टेशनवर. त्यानंतर मी मुलाकडं राहायला गेले ती गेलेच.

मी पोचले तर फलाटावर पद्मा आणि तिची आईही होत्या. म्हातारीला पोचवायला आल्या होत्या, दशम्यांचा डबा घेऊन. म्हातारी गाडीत खिडकीशी बसली होती, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा मिचमिचा. सर खिडकीखाली उभे, आणि दोघांच्या मधे पद्मा. मी सरांचा चेहरा पाहिला आणि पद्माला म्हणाले, "चल, आजीला पाण्याची बाटली आणू." ती जागची हलली नाही. "नको मॅडम. मग सर आजींसंगं कसं बोलतील?"

म्हातारी खिडकीतून वाकली. "पद्मे, सरला म्हन, टायमावर खात जा. लई वाळलाय त्यो."

"सर, ईट ऑन टाइम. यू आर व्हेरी थिन."

"येस," सर म्हणाले. "थँक यू."

"बरं म्हनत्यात, आजी!"

गाडीनं धक्का दिला. सरांनी खिडकीचा गज धरला आणि चालायला लागले, मग भराभर, मग पळायला लागले. फलाट संपत आला तेव्हा त्यांनी गज सोडला आणि मेंढरांना हाक मारतात तसं, अख्ख्या स्टेशनला ऐकू जाईल असं ओरडले, "आये! ए आये! माजी आय हाईस तू!"

म्हातारीनं ऐकलं. ती वळली, त्या एका डोळ्यानं तिनं लेकाकडं पाहिलं आणि मागं उभ्या असलेल्या आमच्याकडं पाहिलं. मग घाईघाईनं हात बाहेर काढून पंजा आपल्याच तोंडावर दाबून धरला, लहान पोराला गप करतात तसा. दिसेनाशी होईपर्यंत तिनं तो काढला नाही.

पद्माच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, मी नजर फिरवली. सर धापा टाकत परत आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. पद्मा रुळांकडं बघत होती. थोड्या वेळानं ती पुढं झाली आणि तिनं सरांचं बोट धरलं.

"सर," ती म्हणाली, "वी विल गो होम?"

सरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं.

"येस, पद्मा," ते म्हणाले. "कम."